रोपं कोण मोजणार, भेकरं कोण मोजणार?

गेले काही महिने शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत सामूहिक वनहक्काच्या आणि जंगलाच्या आराखड्याच्या बैठका चालू आहेत. सीमा फिरून झाल्या. पाणवठे, देवाचं रान, गुरांच्या वाटा, मोह-हिरड्याची झाडं कागदावर आली. इथपर्यंत कोणाचं भांडण नाही. पण "जंगल परत उगवतंय का, आणि त्यात जनावर किती उरलंय" हा प्रश्न आला की बैठक फुटते. त्यात आवाज मोठा शिकारी गड्यांचा. कारण रान त्यांनी पायाखाली घातलंय. या वादावर आम्हाला काय वाटतं ते सरळ मांडतो.

आधी सगळ्यांचं म्हणणं ऐकून घेऊ.

जुने शिकारी म्हणतात, "पूर्वी करवंदीच्या जाळीत कुत्रं घातलं का भेकर उठायचंच. आता चार डोंगर फिरा, ससाबी नाय उठत." त्यांचं म्हणणं असं की जाळी राहिली नाही, दरवर्षी होळीच्या आगेमागे वणवा लागतो, बुडातलं सगळं जळतं. लपायला जागा नाही तर जनावर राहील कुठे? चार वर्षं शिकार बंद ठेवा.

तरुण गडी म्हणतात, "कोण म्हणतं भेकर संपलं? रात्री पाड्यामागे भुंकतंय. वालाचे कोंब खातंय, गेल्या साली लावलेली आवळ्याची रोपं खाल्ली. डुकराने वरई लोळवली ती वेगळीच." जनावर वाढलंय म्हणून जंगल उगवत नाही, असं त्यांचं गणित.

बायांचं म्हणणं तिसरंच. एका बैठकीत एक मावशी उठून म्हणाली, "सकाळधरनं भेकरावर बोलताय. बकऱ्या कोणाच्या ते बोला की. सरपणाला आम्ही जातो. रोप कुठे हाय नि कुठे नाय ते आम्हाला इचारा." यावर पुरुषमंडळी थोडा वेळ गप्प झाली.

आणि चौथी बाजू बैठकीत नसते, पण तिचा कागद असतो. खात्याच्या आराखड्यात जंगलाची 'पुनरुत्पत्ती' कमी दिसली की त्यापुढे कारणंही ठरलेली असतात: चराई, वणवा, चोरटी तोड, शिकार. चारही आपल्या अंगावर.

आता या चौघांत खरं कोण? आमचं म्हणणं असं की आज हे कोणालाच सांगता येणार नाही. भेकर कमी दिसतं याची दोन कारणं असू शकतात. ते खरंच कमी झालं असेल, किंवा पूर्वी जिथे उठायचं ती जाळी सोडून दुसरीकडे गेलं असेल. रात्री भुंकणं जास्त ऐकू येतं म्हणजे भेकरं वाढली, असंही नाही. एकच भेकर घटका-घटका भुंकतं, हे शिकारी गड्यांना आम्ही काय सांगावं! डोळ्याचा अंदाज खोटा नसतो, पण तो मोजणी नसतो. आणि आता काम मोजणीचं आहे.

का आहे ते नीट समजून घ्या, कारण यात आपली जमीन अडकली आहे.

वनहक्क कायदा, २००६ याच्या कलम ३ ने गावाला आपलं सामूहिक वन राखण्याचा, पुन्हा उगवून आणण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. कलम ५ ने जंगल, वन्यप्राणी आणि पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला. २०१२ च्या सुधारित नियमांनी सांगितलं की ग्रामसभेची समिती स्वतःचा व्यवस्थापन आराखडा करेल. त्याच कायद्याने एक गोष्ट स्पष्टपणे बाहेर ठेवली. परंपरेने चालत आलेले बाकीचे हक्क मान्य केले, पण शिकारीचा आणि सापळे लावण्याचा हक्क मान्य केला नाही. हे कोणी लपवू नये.

आणि त्याच कायद्यात कलम ४ आहे. अभयारण्यातला एखादा भाग फक्त वन्यप्राण्यांसाठी राखून ठेवायचा म्हणून तिथले हक्क बदलायचे किंवा लोकांना हलवायचं असेल, तर आधी सिद्ध करावं लागतं की लोकांच्या वावराने प्राण्यांचं भरून न येणारं नुकसान होतंय आणि दोघांनी एकत्र राहण्याचा मार्ग उरलेला नाही. त्यावर ग्रामसभेची लेखी संमतीही लागते. शहापूरला तानसा अभयारण्य लागून आहे. मुरबाडच्या वरच्या अंगाला १९८५ साली झालेलं भीमाशंकर अभयारण्य आहे. उद्या कोणी आकडे घेऊन आलं की "इथे भेकर संपत चाललंय, रोपं उगवत नाहीत, आणि याला गाव कारण," तर आपण काय दाखवणार? आमच्या म्हाताऱ्यांनी असं सांगितलं, एवढंच? समोर कागद असेल तर आपल्याकडेही कागद पाहिजे. आणि तो खरा पाहिजे.

आकडा कसा निघतो ते पाहिलं की त्याची भीतीही जाते आणि त्याच्यावरचा आंधळा भरवसाही जातो.

अभयारण्यांत दरवर्षी वैशाखातल्या पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून रात्रभर जनावरं मोजतात. कडक उन्हाळा, पाणी थोडं, चांदणं भरपूर, त्यामुळे जनावर पाण्यावर येईल हा हिशेब बरोबर आहे. पण एका रात्रीची ती मोजणी. एकच जनावर दोनदा आलं तर दोन. दुसऱ्या डबक्यावर गेलं तर शून्य. वळवाचा पाऊस आधी पडून गेला तर डोंगरभर पाणी, मग मचाणाखाली कोण येणार? अशा मोजणीतून काय काय राहतं याची साधारण कल्पना येते. "गेल्या वर्षी बारा होती, यंदा आठ, म्हणजे चार मारली" असा निष्कर्ष त्यातून निघत नाही.

रोपांच्या मोजणीतही असंच आहे. काय मोजायचं हे कोण ठरवतो, त्यावर आकडा ठरतो. साग मोजला तर जंगल भरलेलं दिसेल, कारण साग तोडला तरी खुंटाला फुटवा येतो आणि त्याचं खरबरीत पान जनावर सहसा खात नाही. १९७४ साली वनविकास महामंडळ स्थापन झालं आणि राज्यात ठिकठिकाणी मिश्र जंगल काढून साग लावला गेला. कागदावर ते रान हिरवं. पण त्यात आवळा नाही, बेहडा नाही, करवंद नाही, मोह नाही. बाई त्यातून काय आणणार, आणि भेकर त्यात काय खाणार? आपण मोजू तेव्हा मोह, हिरडा, बेहडा, आवळा, ऐन, कोशिंब, टेंभुर्णी, आंबा ही नावं यादीत वर पाहिजेत.

हा वाद आजचाही नाही. राबासाठी फांद्या तोडल्याने जंगल मरतं की नाही, यावर इंग्रज सरकारने १८८५ साली ठाणे-कुलाब्याच्या गाऱ्हाण्यांसाठी आयोग बसवला होता. तेव्हाही साहेबाकडे आकडे होते आणि शेतकऱ्याकडे फक्त अनुभव. सव्वाशे वर्षं होऊन गेली, आपण अजून तोंडीच बोलतोय.

शिकारी आणि वनवाले यांचं हे भांडण फक्त आपल्याकडे आहे असंही समजू नका. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया नावाचं राज्य आहे. तिथे परवाना काढून हरणाची शिकार करतात. तिथले वनवाले म्हणतात, हरणं इतकी वाढलीत की जंगलात नवं रोप टिकत नाही, जास्त हरणं मारा. शिकारी म्हणतात, दिवसभर बसलो तरी हरीण दिसत नाही, तुमचे आकडे खोटे. वाद वर्षानुवर्षं चालू आहे. पण तिथे एक काम झालं. जंगलात ठिकठिकाणी हरीण शिरणार नाही असं कुंपण घालून ठेवलं. काही वर्षांनी कुंपणाच्या आत आणि बाहेर काय उगवलंय ते कोणीही जाऊन पाहावं. ज्याला आकडा पटत नाही त्याला कुंपण दाखवता येतं.

त्याच देशात ॲरिझोना राज्यात कायबाब नावाचं पठार आहे. १९०६ साली ते राखीव केलं, हरणांची शिकार बंद केली आणि हरणं खाणारे प्युमा, लांडगे सरकारी माणसांकडून मारून घेतले. हरणं वाढली, पाला संपला, आणि १९२४-२५ च्या सुमाराला हिवाळ्यात ती उपासाने मेली. पुढे पुस्तकांतून छापलं गेलं की चार हजार हरणांची एक लाख झाली होती. १९७० साली कॉघली नावाच्या अभ्यासकाने जुने कागद उघडून पाहिले, तर लाखाचा आकडा हा एका पाहुण्याचा अंदाज निघाला. तिथल्या वनाधिकाऱ्याचा अंदाज तीस हजारांचा होता. म्हणजे पन्नास वर्षं मोठी शिकलेली माणसंही एका पाहुण्याच्या अंदाजावर बोलत राहिली. आपण आपल्या अंदाजाची लाज बाळगायचं कारण नाही, पण त्यावर थांबायचंही कारण नाही.

मात्र त्यांचं गणित उचलून इथे लावू नका. त्यांचं हरीण वेगळं, जंगल वेगळं. आपल्याकडेही चितळाचं गणित भेकराला लागत नाही. चितळ कळपाने राहतं. आपलं भेकर एकटं-दुकटं राहतं, एका वेळी बहुधा एकच पिल्लू घालतं. सांबर कड्याच्या अंगाला, तेही थोडं. 'कळपाचं नियोजन' हा शब्द आपल्या रानाला बसतच नाही, कारण कळपच नाही. आणि भेकर नुसतं खातं असंही नाही. ते पडलेली फळं खातं आणि रवंथ करताना बी दुसरीकडे टाकतं. उत्तराखंडात राजाजीच्या जंगलात अभ्यासकांनी पाहिलं की आवळ्याचं बी पसरवण्यात चितळ आणि भेकर यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे तरुण गडी ज्याला आवळ्याचा चोर म्हणतात तेच आवळा लावणारंही आहे. किती खातं आणि किती लावतं, तेच तर बघायचंय.

मग बघायचं कसं? यासाठी बाहेरचा साहेब नको आणि महाग यंत्रही नको.

पहिलं काम रोपांचं. गावाने एक दोरी ठरवायची, तीच दोरी कायम. त्या दोरीने सारखे चौकोन आखायचे. प्रत्येक चौकोनात झाडाच्या जातीप्रमाणे रोपं मोजायची आणि चार गट करायचे: गुडघ्याखाली, कमरेपर्यंत, डोक्यापर्यंत, डोक्यावर. लिहिता येत नसेल तर रेघा ओढायच्या, पाच रेघांचा एक गठ्ठा. यातून लगेच एक गोष्ट कळते. गुडघ्याखाली शंभर रोपं आणि कमरेइतकं एकही नाही, म्हणजे बी पडतंय, उगवतंय, पण दरवर्षी कोणीतरी खातंय किंवा जळतंय. गुडघ्याखालीच काही नसेल तर दुखणं वेगळं. मोहाखाली बहुतेक असंच दिसेल, कारण फुलं वेचायला बुडखा झाडून पेटवतात आणि मोहट्याही तेलासाठी वेचल्या जातात.

दुसरं काम, खातंय कोण ते ठरवायचं. शिकारी म्हणतील, चावा बघून सांगतो. सशाचं सांगता येईल. तो चाकूने कापल्यासारखं तिरकं तोडतो. पण भेकर आणि बकरी दोघांनाही वरच्या जबड्यात पुढचे दात नाहीत, दोघांचाही चावा ओरबाडल्यासारखाच. म्हणून तीन जागा करायच्या. पहिल्या चौकोनाला बांबू आणि करवंदीच्या काट्यांचं उंच, घट्ट कुंपण, आत कोणीच जाणार नाही. दुसरा चौकोन उघडा, पण जिथे गावाने चराई बंद ठेवली आहे तिथे. म्हणजे भेकर येईल, बकरी येणार नाही. तिसरा चौकोन सगळ्यांना मोकळा. तिन्हींच्या भोवती जाळरेषा काढायची, म्हणजे वणव्याने हिशेब बिघडणार नाही. अशा तीन-तीन जागा रानात चार-पाच ठिकाणी तरी पाहिजेत, एका जागेवरून काही ठरवू नये. तीन पावसाळे जाऊ द्यायचे. पहिला आणि दुसरा सारखा वाढला तर भेकरावरचा आरोप खोटा. दुसरा मागे पडून तिसऱ्यासारखाच राहिला तर भेकर-ससा खातायत. दुसरा चांगला आणि तिसरा उजाड, तर मावशीचं खरं, बकरीचं आणि गुरांचं बघावं लागेल. तिन्ही उजाड, तर माती धुपली की बी देणारं झाड उरलं नाही, ते शोधावं लागेल. देवाच्या रानातही एक चौकोन आखावा. जिथे फांदी तोडत नाहीत तिथे काय उगवतं ते शेजारी ठेवून पाहता येईल.

तिसरं काम जनावरांचं. ठरलेली पायवाट, ठरलेली तिथी, ठरलेली माणसं. महिन्यातून एकदा त्या वाटेने चालायचं. भेकराच्या लेंड्या कुठे, सांबराच्या कुठे, ओल्या मातीत खूर कोणाचा, पहाटे भुंकणं किती दिशांनी आलं, डुकराने कुठे उकरलंय, सगळं नोंदवायचं. पावसात लेंड्या वाहून जातात, म्हणून मोजणी कार्तिकापासून चैत्रापर्यंत. यातून भेकरं नेमकी किती हे कळणार नाही. पण त्याच वाटेवर, त्याच महिन्यात खुणा वाढल्या की घटल्या हे नक्की कळेल. आपल्याला तेवढंच पाहिजे.

हे काम शिकारी गड्यांशिवाय होणार नाही. खूर ओळखणारा, लेंडी ताजी की शिळी सांगणारा माणूस कुठल्या कॉलेजात तयार होत नाही. पण त्यांच्या जोडीला सरपण-रानभाजीला जाणाऱ्या बाया, बकऱ्या राखणारी पोरं आणि लिहिणारा एखादा शाळकरी पाहिजे. आणि कातकरी वाडीला बैठकीच्या शेवटच्या रांगेत बसवून हे काम होणार नाही. रानाची माहिती त्यांच्याकडे सगळ्यात जास्त आणि वहीत त्यांचं नाव सगळ्यात शेवटी, हे संघटनेत चालणार नाही.

आता शिकारीचं काय? आमचं मत असं की मोजणीची ही तीन वर्षं भेकर, सांबर, पिसोरी, ससा यांना हात लावू नये, असा ठराव ग्रामसभेने स्वतः करावा. याला दोन कारणं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने या जनावरांची शिकार गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पिसोरीसारख्या पहिल्या अनुसूचीतल्या जनावराची असेल किंवा अभयारण्यात झाली तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं. एका भेकरापायी घरातला कमावता गडी आत जातो आणि वर सगळ्या गावाच्या दाव्याला नाव ठेवायला जागा मिळते. दुसरं कारण आपलं स्वतःचं. तीन वर्षं मारलंच नाही तर "शिकारीमुळे कमी झालं" की "जाळी गेल्यामुळे कमी झालं" याचं उत्तर आपल्याच वहीत मिळेल.

काही जण म्हणतील, ही तर खात्याचीच भाषा झाली. नाही. खातं बंदी घालतं तेव्हा विचारत नाही, कारण सांगत नाही आणि मुदतही सांगत नाही. ग्रामसभा ठरवते तेव्हा कोणी, किती दिवस, कशासाठी हे सगळ्यांसमोर ठरतं आणि तीन वर्षांनी वही उघडून हिशेब द्यावा लागतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूपान तोडणं बंद केलं. पानासाठी फांद्या छाटतात, फुटव्यासाठी आगी लागतात आणि जंगल मार खातं, हे गावाने पाहिलं. हातचं उत्पन्न सोडून त्यांनी बांबूवर भर दिला. गडचिरोलीतल्या मेंढा गावात तर हक्काचा कागद हातात येण्याच्या किती आधीपासून अभ्यास गट बसत होते. या गावांना कोणी सक्ती केली नव्हती.

पोटाचं काय, हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मासे आणि पाण्यातलं इतर उत्पन्न घेण्याचा हक्क वनहक्क कायद्यातच लिहिला आहे, त्यावर कोणी अडवलं तर संघटना सोबत आहे. शेतातल्या उंदरावर वन्यजीव कायद्याची बंदी नाही. डुकराने पीक लोळवलं तर पंचनाम्याचा आणि भरपाईचा अर्ज गावाने एकत्र करायचा. उभ्या पिकाला धोका असेल तर वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली परवानगी मागता येते, तीही मागायची. परवानगी मागितल्याचा कागदसुद्धा उद्या कामाला येतो.

बकऱ्यांचंही तसंच. बकरी ही गरिबाची बँक आहे. ती विका असं सांगणारा आजारपणात पैसे द्यायला येत नाही. म्हणून सगळ्या रानात चराई बंद असं आम्ही म्हणत नाही. रानाचे तीन वाटे करावेत, एक वाटा राखायचा, दोन मोकळे, आणि तीन वर्षांनी वाटा बदलायचा. कुठला वाटा आधी, हे बकऱ्यावाल्यांना विचारूनच.

वणव्याबद्दल दुमत नसावं. लावणारा आपला असो, परका असो, की रस्त्यावर विडी टाकणारा पर्यटक असो, माघ संपायच्या आत जाळरेषा निघाली पाहिजे आणि प्रत्येक पाड्याची राखणीची पाळी लागली पाहिजे. आग लागलीच तर तारीख, जागा आणि किती रान जळलं ते त्याच वहीत लिहायचं.

तेव्हा पुढच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या: मोजणीचा गट, राखायचा वाटा, आणि तीन वर्षं शिकारबंदी. ठरावावर बायांच्या सह्या-अंगठे पुरुषांइतकेच पाहिजेत. वही दोन प्रतींत ठेवा. एक गावात, एक संघटनेकडे. पहिली मोजणी दसऱ्यानंतर भात कापायच्या आधी उरकता येईल, तेव्हा गुडघ्याखालचं रोप गवतात ओळखू येतं. दोरी मात्र आताच ठरवून ठेवा, आणि ती कोणाच्या घरी राहील तेही लिहून ठेवा.